साच्याला लागलेला हात

साचा चोख असला की त्यातून निघणारी प्रत्येक वस्तू चोख निघते, हे जावईबापूंचं आवडतं वाक्य. ते त्यांनी ऑफिसात ऐकवून झालं होतं, घरात ऐकवून झालं होतं, आणि लिफ्टमध्ये भेटणाऱ्या माणसालाही त्याचा मजला येईपर्यंत जेवढं ऐकवता येईल तेवढं ऐकवून झालं होतं.

जावईबापू हे त्यांचं खरं नाव नव्हे, हे आधीच सांगितलेलं बरं. आईवडिलांनी चारचौघांसारखं नाव ठेवलं होतं. पण सासरे कायमचे राहायला आले आणि दिवसभर "अहो जावईबापू!" ही हाक जिन्यातून घुमू लागली, तशी इमारतीतली सगळी माणसं तीच हाक मारू लागली. पहारेकरी मारी, इस्त्रीवाला मारी, खालच्या मजल्यावरचे निवृत्त बँक मॅनेजर तर वर चढण्याचे कष्ट न घेता खिडकीतूनच मारत. स्वतःच्या नावावर असलेल्या घरात आपण जावई म्हणून ओळखलं जावं, याचं त्यांना फार लागे. पण तक्रार करायची कोणाकडे, आणि खाली सही कोणत्या नावानं करायची?

नोकरी एका विमा कंपनीत. पूर्वी या कंपनीत प्रत्येक टेबलावर एक कॉम्प्युटर असे आणि प्रत्येकाचं दुखणं निराळं असे. आता टेबलावर नुसता पडदा, कीबोर्ड आणि माउस. खरा कॉम्प्युटर दूर कुठेतरी. काहींचा कंपनीच्या यंत्रखोलीत, काहींचा भाड्यानं घेतलेल्या क्लाउडमध्ये. सकाळी माणसानं आपलं नाव सांगून आत शिरावं की त्याला एक ताजा डेस्कटॉप मिळे, आणि तो बाहेर पडला की तो डेस्कटॉप मोडीत. दुसऱ्या दिवशी पुन्हा नवा कोरा. हे सगळे डेस्कटॉप ज्या एका नमुन्यावरून निघत त्याला ऑफिसात ‘इमेज’ म्हणत आणि जावईबापू ‘साचा’ म्हणत. तो घडवायचा, सीलबंद करायचा आणि यंत्रखोली नि क्लाउड अशा दोन्हीकडे एकदम प्रकाशित करायचा, हे त्यांचं काम. मशीनवरच्या ज्या लॉगिन खात्यात बसून साचा घडवला, त्या खात्याच्या सगळ्या सवयी पुढे सगळ्या शाखांतल्या सगळ्या माणसांना मिळतात. म्हणून ते खातं उघडण्याआधी जावईबापू साबणानं हात धूत. याचा काडीचा उपयोग नसतो हे त्यांना ठाऊक होतं, पण मनाला बरं वाटे.

या खेपेचा साचा तर प्रतिष्ठेचा होता. विभागप्रमुखाची खुर्ची रिकामी झाली होती आणि वरच्या साहेब, म्हणजे मॅडम, म्हणाल्या होत्या, "हा साचा नीट जाऊ द्या, मग पुढचं बोलू." या ‘पुढचं’वर जावईबापूंनी मनातल्या मनात केबिन बांधली, तिला पडदे लावले आणि दारावर पाटी ठोकली. पाटीवर त्यांचं स्वतःचं नाव होतं.

वाटेत अडथळे कमी नव्हते. कंपनीत एक बदल-मंजुरी समिती होती. तिच्या होकाराशिवाय कोणी खुर्ची भिंतीकडून खिडकीकडे सरकवली तरी खुलासा मागितला जाई. समिती आठवड्यातून एकदा बसे आणि बसली की लवकर उठत नसे. तिनं साच्याला मंजुरी दिली आणि रविवार ठरवून दिला. मग साठवणूक विभाग आडवा आला: नवा साचा ठेवायला जागा नाही, हवी असेल तर जुना काढा. जुना साचा म्हणजे अडीअडचणीची काठी, नवा बिघडला तर परत लावायची. पण जावईबापूंचा नव्या साच्यावर एवढा विश्वास, की जुना पुसून टाकण्याच्या कागदावर त्यांनी उभ्याउभ्याच सही ठोकली.

घरात या सगळ्याकडे बारीक लक्ष होतं ते सासऱ्यांचं. त्यांना सगळे अप्पा म्हणत. अप्पा सरकारी खात्यात ड्राफ्ट्समन होते. उभा जन्म पूल आणि धरणं यांचे नकाशे हातानं काढण्यात गेला. नजर अशी, की रेघ केसभर सरकली तरी त्यांना रात्री झोप लागत नसे. निवृत्त झाल्यावर नकाशे सुटले, पण नजर कुठेतरी वापरायला हवी. मग ती घरावर वळली. "जावईबापू, ती समोरची फ्रेम सूतभर वाकडी आहे." जावईबापू उठून फ्रेम सरळ करत. "आता उजवीकडे गेली. थोडी इकडे. हां!" दिवसातून किती वेळा हे होई याचा हिशोब त्यांनी ठेवला नव्हता, कारण ठेवला असता तर रागच आला असता.

रविवारी सकाळपासून जावईबापूंना बसवत नव्हतं. साचा घडून तयार होता. दिवाणखान्यातल्या टेबलावर ऑफिसनं दिलेलं मशीन, त्यात ते पवित्र खातं उघडलेलं, आणि दुपारी ठरल्या वेळी मशीन आपलं आपण साचा सील करील आणि बंद होईल अशी व्यवस्था त्यांनी करून ठेवली होती.

"माणसाचा हात लागला की चूक होते," त्यांनी बायकोला समजावलं. "म्हणून शेवटचं काम मी यंत्रावरच सोपवलंय."

"मग तुम्ही मघापासून त्याच्याभोवती प्रदक्षिणा का घालताय?" बायको म्हणाली, आणि पिशवी घेऊन बाजाराला निघून गेली.

एवढ्यात खालून खिडकीतून हाक आली. बँक मॅनेजरांचा प्रिंटर चालत नव्हता. "दोन मिनिटांचं काम आहे, जावईबापू!" असं ते म्हणाले. जावईबापूंनी घड्याळ पाहिलं, मशीन पाहिलं, सोफ्यावर वर्तमानपत्र उघडून बसलेले अप्पा पाहिले आणि ते खाली गेले.

प्रिंटरची वायर भिंतीत लावलेलीच नव्हती. ती लावली, प्रिंटर चालू झाला. पण मॅनेजर सोडायला तयार होईनात. आधी त्यांनी हा प्रिंटर का घेतला ते सांगितलं. मग कोणता घ्यायला नको होता ते सांगितलं. मग कॉम्प्युटरविषयी सल्ला दिला. त्यांचा कॉम्प्युटरविषयी एकच सल्ला असे आणि तो ते निरनिराळ्या प्रसंगी निरनिराळ्या आवाजात देत: "बंद करायचा आणि पुन्हा चालू करायचा. बँकेत आम्ही सगळं असंच सोडवलं." त्यानंतर स्वयंपाकघरातला नवा नळ दाखवला. नळ सोडून दाखवला, बंद करून दाखवला. जावईबापू दाराकडे एक पाऊल टाकत, की मॅनेजर त्यांच्या कोपराला धरून दुसऱ्या खोलीत नेत. माणूस एकटा असला की असा चिकट होतो, असं म्हणून जावईबापूंनी त्यांना मनातल्या मनात माफ केलं. पुढे ही माफी त्यांनी परत घेतली.

वर येऊन पाहतात तो मशीन सील होऊन गपगार बंद. अप्पा सोफ्यावर, वर्तमानपत्र चेहऱ्यासमोर.

"झालं का काम?" वर्तमानपत्रामागून आवाज आला.

"झालं की! हातसुद्धा लावावा लागला नाही."

अप्पांना जोराचा ठसका लागला.

आता नियम असा, की प्रकाशित करण्याआधी साच्यातून एक डेस्कटॉप काढून पाहायचा. हा नियम जावईबापूंनीच केला होता आणि तो मोडणाऱ्या एका बिचाऱ्याला त्यांनी भर बैठकीत झापलंही होतं. पण मॅनेजरांच्या नळापायी उशीर झालेला, त्यात मॅडमचा फोन: "समितीनं दिलेली वेळ संपत आली. काय करताय?" जावईबापूंनी ऑफिसच्या फोनमधून सरळ ‘प्रकाशित करा’ दाबलं. यंत्रखोलीपुढे हिरवी खूण आली, क्लाउडपुढे हिरवी खूण आली. संध्याकाळी त्यांनी ती समोरची फ्रेम स्वतःहून सरळ केली.

सोमवारी नवा शर्ट घालून ते ऑफिसात शिरले तेव्हा कोणीच काम करत नव्हतं, पण आवाज मात्र भयंकर होता.

सगळे पडदे काळेकुट्ट. त्यावर पिवळीजर्द अक्षरं, एकेक अक्षर जेवणाच्या ताटाएवढं. शब्द पुरा मावतच नव्हता. ‘सुप्र’ एवढंच दिसे, आणि ‘भात’ पाहायला माणसाला पलीकडे सरकत जावं लागे. माउसचं नेहमीचं बटण दाबलं तर काही उघडेना. तिथे ‘कापा, चिकटवा, पुसा’ असं काहीबाही उगवे, कारण माउस डावखुऱ्याचा झाला होता. आणि या सगळ्यावर कडी म्हणजे, प्रत्येक मशीन समोर जे जे येईल ते ते मोठ्यानं वाचून दाखवत होतं. सपाट आवाजात, न थकता, न लाजता.

दावे विभागात एक गृहस्थ आपल्या जळालेल्या दुकानाचा दावा घेऊन बसले होते. समोरच्या बाईंनी मोठ्या कष्टानं त्यांची फाइल उघडली, तशी मशीन म्हणालं, "शेरा. हा इसम खोटं बोलत असावा असे वाटते. चहा देऊ नये." गृहस्थ उठून उभे राहिले. बाईंनी पडद्यावर ओढणी टाकली, पण ओढणीनं आवाज थोडाच झाकला जातो? मॅडमच्या केबिनमधून त्यांच्या बहिणीचा निरोप अख्ख्या मजल्याला ऐकू आला: "आज आईला दवाखान्यात तूच ने. मी काही तुझी नोकर नाही." त्यानंतर केबिनचं दार आतून लागलं.

शाखांचे फोन सुरू झाले. एका शाखेच्या प्रमुखाला वाटलं, दरोडेखोरांनी कंपनी ताब्यात घेतली. त्यानं सगळ्यांना घरी धाडून दिलं होतं. दुसऱ्या शाखेतून विचारणा आली की हा आवाज कोणाचा, आणि तो कायमस्वरूपी आहे का. जावईबापूंची भंबेरी उडाली. उभं राहवेना, बसवेना. शेवटी घामाघूम होऊन, डाव्या हातानं माउस धरून त्यांनी सगळ्यांना एक ईमेल पाठवली: आपली झालेली गैरसोय दूर करण्याचा प्रयत्न चालू आहे, आम्ही दिलगीर आहोत.

हे करायला नको होतं. ईमेल पोचताच मजल्यावरची सगळी मशीनं ती वाचू लागली. पण एकदम नाही. एकाचं दुसऱ्याच्या अर्धं वाक्य मागे. "आम्ही दिलगीर" या कोपऱ्यातून, "दिलगीर आहोत" त्या कोपऱ्यातून, "आहोत आम्ही" मधूनच कुठून तरी. बराच वेळ ते ऑफिस नुसतं दिलगीर होत राहिलं. मधोमध जावईबापू उभे होते आणि प्रत्येक दिलगिरीला लोक मान वळवून त्यांच्याकडे पाहत होते.

"जुना साचा लावा परत!" मॅडम केबिनचं दार उघडून ओरडल्या.

साठवणूक विभागानं जावईबापूंची सही दाखवली. सही झोकदार होती.

मग नवा साचा. तो दुरुस्त करायला फार वेळ लागणार नव्हता, पण प्रकाशित करायचा म्हणजे समितीची तातडीची मंजुरी हवी. मंजुरीला अर्ज हवा. अर्जात ‘मूळ कारण’ हा रकाना रिकामा चालत नसे. आणि समितीची आठवड्याची बैठक नेमकी आजच; संध्याकाळी ती उठायच्या आत अर्ज पोचला नाही, तर पुढची बैठक पुढच्या आठवड्यात. तोवर सगळ्या कंपनीनं ताटाएवढी अक्षरं वाचायची.

मूळ कारण शोधायला सुरक्षाप्रमुख आले. पूर्वी ते पोलिसात होते आणि अजून माणसाकडे पाहताना आधी त्याच्या बुटांकडे पाहत. त्यांनी जावईबापूंना समोर बसवलं.

"घुसखोर आहे," ते म्हणाले. "तुमच्या मशीनवर बसून गेलाय. डावखुरा आहे. बेडर आहे, कारण जे केलं ते मोठ्या अक्षरांत केलं. घरी कोण कोण असतं?"

"मी, बायको, सासरे."

"डावखुरं कोणी?"

"छे!" जावईबापू म्हणाले.

"मग बाहेरचा. म्हणजे पोलिसात द्यायला हवं. आणि बाहेरचा नसेल तर तुम्ही. म्हणजे तुम्हाला..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही, तशी त्यांची पद्धत होती. "घरी जा. जागच्या जागी, त्याच मशीनवरून अर्ज भरा. ते हलवू नका, तो पुरावा आहे. कारण खरं लिहा. खोटं निघालं तर खुर्ची सोडाच, कंपनीचा जिनासुद्धा पुन्हा चढायला मिळायचा नाही."

बसमध्ये जागा होती तरी जावईबापू उभेच राहिले. एक थांबा गेला, दुसरा गेला. त्यांच्या डोळ्यांपुढे एक हात येऊ लागला. ‘थोडी इकडे, थोडी तिकडे’ करत फ्रेमकडे रोखलेला हात. इतक्या दिवसांत त्यांनी तो हात नीट पाहिलाच नव्हता, कारण त्यांची पाठ त्या हाताकडे आणि तोंड फ्रेमकडे असे. पण जेवताना, दाढी करताना, पेन्सिल धरताना तो हात डावा होता.

त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. नाव घेतलं, घर घेतलं, सोफा घेतला, आता खुर्चीही घेतली या माणसानं! जिना चढता चढता त्यांनी बोलायची वाक्यं जुळवली. कडक वाक्यं होती. दार ढकलून ते आत शिरले.

बायको अजून कामावरून यायची होती. अप्पा सोफ्यावर, वर्तमानपत्र उघडलेलं. जावईबापूंनी तोंड उघडलं, पण त्याआधीच अप्पा म्हणाले, "आलात? ती समोरची फ्रेम पुन्हा सूतभर वाकडी झालीय बघा."

सवयच ती. जावईबापू रागारागानं भिंतीकडे गेले, दोन्ही हात वर केले आणि तसेच थबकले. भिंतीवर फ्रेम नव्हती. सकाळीच बायको काच बदलायला ती काढून घेऊन गेली होती. भिंतीवर नुसता खिळा होता.

जावईबापूंनी खिळ्याकडे पाहिलं. मग मागे वळून अप्पांकडे पाहिलं. अप्पा मान किंचित कलती करून, पारखी नजरेनं, त्या मोकळ्या भिंतीकडे बघत होते.

"झाली का सरळ?" अप्पांनी विचारलं.

जिन्यात जुळवलेली वाक्यं कुठे गेली कोण जाणे. "झाली," जावईबापू म्हणाले.

"हां. आता बरोबर आहे."

जावईबापू येऊन त्यांच्या शेजारी बसले. "अप्पा, काल माझ्या मशीनला हात लावलात?"

अप्पांनी वर्तमानपत्राची घडी घातली. घडी मात्र अगदी काटकोनात घातली. "लावला," ते म्हणाले. "तो खालचा मॅनेजर म्हणाला, कॉम्प्युटरमध्ये अक्षरं हवी तेवढी मोठी होतात. त्याच्या मशीनवर शिकवलं त्यानं मला. पण त्याचा पडदा लहान. तुमचा मोठा. मग ठरलं की तो तुम्हाला खाली अडकवून ठेवील आणि मी इकडे बघीन."

"काय बघायचं होतं?"

"अजून वाचता येतं का."

"आणि आलं?" जावईबापूंनी विचारलं.

"आलं की!" अप्पा एकदम खुलले. "काळ्यावर पिवळं केलं तसं दिसायला लागलं. एकेक अक्षर लावत लावत वाचलं. ‘कचरापेटी’ वाचलं, जावईबापू! किती दिवसांनी मी माझं माझं काहीतरी वाचलं. मग म्हटलं, आता होतं तसं करून ठेवावं. तर ते बटणच हाती लागेना, भलतंच दाबलं गेलं, मशीन बोलायला लागलं आणि आपोआप बंद पडलं. मला वाटलं, बंद झालं म्हणजे पुसलं गेलं. मॅनेजर तसंच म्हणतो ना नेहमी?"

"आणि हे रोजचं वर्तमानपत्र?"

"हातात असलं की कोणी काही विचारत नाही."

"डॉक्टरला दाखवलंत?"

"दाखवलं की तो त्याला नाव देणार. अजून नाव नाहीये त्याला." अप्पांनी त्यांचा हात चाचपून धरला. "हिला सांगू नका. ती नोकरी सोडून घरी बसेल. माझ्या हातातला चहाचा कपसुद्धा काढून घेईल. एवढं एक करा माझ्यासाठी."

"नाही सांगत," जावईबापू म्हणाले. कालपर्यंत या माणसाला खोलीतून उठवण्यासाठी ते काय वाटेल ते द्यायला तयार होते. आता त्यांनी अप्पांच्या हातातला आपला हात सोडवूनसुद्धा घेतला नाही.

तेवढ्यात बायको आली. दोघांचे चेहरे बघून "काय झालं?" म्हणाली. दोघं एका सुरात "काही नाही" म्हणाले. दोघांचं कधी एकमत होत नसे, त्यामुळे ती संशयानं बघतच चहा ठेवायला आत गेली.

उजेड उतरत चालला होता. समिती उठायला फार वेळ उरला नव्हता. जावईबापू धावत मशीनपाशी गेले, आपल्या नावानं आत शिरले आणि अर्ज उघडला. काळ्या पडद्यावर ‘मूळ का’ एवढं पिवळं पिवळं दिसलं. त्यांनी लिहायला सुरुवात केली. खरं लिहावं तर अप्पांना दिलेला शब्द जातो. घुसखोर लिहावा तर पोलीस. एकच वाट मोकळी होती.

"चूक माझी आहे," मशीन खणखणीत आवाजात म्हणालं.

जावईबापू दचकले. हे मशीनही तोच साचा घेऊन उघडलं होतं. आवाज बंद करायची जागा पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात, आणि उजवा कोपरा आता पडद्याबाहेर कुठेतरी भिंतीत गेलेला. वेळ निघून चालली होती. त्यांनी दात-ओठ खात टाइप करणं चालू ठेवलं.

"ही सर्व सेटिंग्ज मीच माझ्या हलगर्जीपणाने बदलली," मशीन म्हणालं. "घरातील अन्य कोणाचाही यात संबंध नाही. होईल ती कारवाई मला मान्य आहे."

सोफ्यावर अप्पा ताठ बसले. "काय करताय हे?"

"काही नाही. अर्ज आहे."

"नोकरी जाईल ना यानं?"

"बघू."

"खोडा ते," अप्पा म्हणाले.

"अप्पा, मी तुम्हाला शब्द..."

"खोडा म्हणतोय ना! मी जन्मात कधी चुकीच्या नकाशावर दुसऱ्याची सही घेतलेली नाही. मी सांगतो तसं लिहा." अप्पा उठले आणि हातानं टेबलाची कड शोधत येऊन उभे राहिले. "लिहा. सासऱ्यांनी मशीनला हात लावला."

जावईबापूंनी खोडलं आणि लिहिलं. मशीन बोललं, "सासऱ्यांनी मशीनला हात लावला."

"का लावला ते लिहा."

जावईबापूंची बोटं अडखळली. स्वयंपाकघरातला कपबश्यांचा आवाज थांबला होता. त्यांनी अगदी जपून टाइप केलं.

"त्यांना अलीकडे थोडे कमी दिसते," मशीन म्हणालं.

"थोडं नाही," अप्पा म्हणाले. "नीट लिहा, जावईबापू."

आणि मग त्या मशीननं, ऑफिसातल्या मशीनांनी दिवसभर जळालेलं दुकान, बहिणीची भांडणं आणि दिलगिऱ्या ज्या आवाजात वाचल्या त्याच आवाजात, वाक्य वाचलं: "माझ्या सासऱ्यांना दिसत नाही. त्यांना वाचून बघायचे होते."

दारात बायको उभी होती. हातात ट्रे होता. तो तिनं हलकेच खाली ठेवला आणि पदरानं डोळे पुसले. मुळीच आवाज न करता; आवाज नसला की अप्पांना काही कळायचं नाही, असं तिला वाटलं.

"रडू नकोस गं," अप्पा म्हणाले.

जावईबापूंनी पडद्याबाहेर गेलेलं ‘पाठवा’ हे बटण सरकत सरकत जाऊन गाठलं आणि दाबलं. ते खुर्चीवरून उठले, पुन्हा बसले, पुन्हा उठले. बायकोनं अप्पांना धरून सोफ्यावर आणलं, आणि "कधीपासून? मला का नाही सांगितलं? आणि परवा एकटे रस्ता ओलांडून गेलात ते कसं?" असा भडिमार सुरू केला. उद्याच डॉक्टरकडे जायचं, असं तिनं जाहीर केलं. अप्पांनी सरळ सांगितलं, जाणार नाही. ती म्हणाली, जायचंच. ते म्हणाले, उचलून नेलंस तरी नाही. ती त्यांचीच मुलगी आणि ते तिचे वडील; दोघांचे आवाज चढत गेले.

त्या गलक्यातच मशीननं तोंड उघडलं. समितीचं उत्तर आलं होतं.

"मूळ कारण मान्य," मशीन म्हणालं, आणि खोली शांत झाली. "नवा साचा दुरुस्त करून आजच प्रकाशित करावा. साचा न तपासता प्रकाशित केल्याबद्दल संबंधितांच्या विभागप्रमुखपदाचा विचार तूर्त स्थगित करण्यात येत आहे."

जावईबापूंनी डोळे मिटून घेतले. दारावरची पाटी, पडदे, केबिन, सगळं एका वाक्यात उतरवलं गेलं. पण नोकरी राहिली होती, आणि जिनाही.

"सुरक्षाप्रमुखांच्या सूचनेवरून समिती एक अट घालत आहे," मशीन पुढे म्हणालं. "घुसखोराला उद्याच्या उद्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्यावे. अट पूर्ण झाल्यावरच हे प्रकरण बंद होईल."

बायकोनं जावईबापूंकडे पाहिलं. जावईबापूंनी अप्पांकडे पाहिलं. अप्पा मान खाली घालून बसले होते. सरकारी खात्यात उभा जन्म काढलेला माणूस. वरून आलेला हुकूम त्यांनी कधी मोडला नव्हता.

"समितीची अट आहे?" त्यांनी विचारलं.

"हो, अप्पा."

"लेखी?"

"लेखी."

अप्पांनी एक लांब श्वास सोडला. "मग जावंच लागेल," ते म्हणाले, आणि चहासाठी हात पुढे केला. बायकोनं कप त्यांच्या हातात दिला आणि तो त्यांच्याच हातात राहू दिला.